नदीपलीकडचा शेजार

इतिहास म्हटला की राजेरजवाडे आठवतात. मला मात्र पॉली बेमिस आठवते. दुष्काळात घरच्यांनी विकलेली ही चिनी मुलगी १८७२ साली अमेरिकेत, आयडाहोतील वॉरेन या सोन्याच्या खाणींच्या गावी आली. चिनी माणूस तिथे नकोसा होता. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना देशाची दारे बंद केली, नागरिकत्वही नाकारले.

१९२२ साली पॉलीचे घर जळाले, पाठोपाठ पती वारले. तेव्हा नदीपलीकडचे गोरे शेजारी, शेप आणि क्लिंकहॅमर, धावून आले. त्यांनी तिला नवे घर बांधून दिले. तिने आपली जमीन त्यांच्या नावे करण्याचे ठरविले. नदीवरच्या टेलिफोनवरून रोज विचारपूस होई. १९३३ साली ती वारली, नागरिकत्वावाचूनच. कायद्याने नाकारलेले आपलेपण शेजाऱ्यांनी दिले. आपल्या आळीत नव्याने आलेल्या परभाषी बाईची चौकशी आपण केली आहे का?