दातांवरचे डाग आणि विहिरीचे पाणी

शाळेत एखादे मूल हसले आणि त्याचे दात तपकिरी दिसले, की आपण चटकन म्हणतो, “काय रे, दात घासत नाहीस का?” पोर ओशाळते, तोंडावर हात धरते. पण पुष्कळदा दोष त्या पोराचा नसतो, गावच्या पाण्याचा असतो. ही साधी गोष्ट उमगायला शास्त्रज्ञांनासुद्धा तीस वर्षे लागली. तीच हकीकत आज सांगतो.

१९०१ साली फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण दंतवैद्य अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी आला. पाहतो तो गावात जन्मलेल्या कित्येकांच्या दातांवर तपकिरी डाग! कुणी म्हणे डुकराचे मांस फार खाण्यात येते म्हणून, कुणी म्हणे दूध वाईट म्हणून. मॅके यांनी जी. व्ही. ब्लॅक या नामांकित दंतशास्त्रज्ञांना सोबत घेतले आणि शोध चालू ठेवला. डाग पडतात ते लहानपणी, दात हिरडीच्या आत घडत असतानाच, हे त्यातून कळले. म्हणूनच ते घासून जात नाहीत.

पुढे १९२३ साली मॅके आयडाहो संस्थानातील ओकली गावी गेले. तेथील आईबापांनी सांगितले, “दूरच्या गरम झऱ्याचे पाणी नळाने गावात आणले आणि तेव्हापासून पोरांचे दात डागाळू लागले.” मॅके यांनी पाणी तपासले, काहीच सापडले नाही. तरीही त्यांनी लोकांच्या अनुभवावर विश्वास ठेवला आणि तो नळ सोडून द्यावयास सांगितले. काही वर्षांतच धाकट्या मुलांना स्वच्छ दात आले! अखेर १९३१ साली चर्चिल नावाच्या रसायनतज्ज्ञाने नव्या पद्धतीने पाण्याची परीक्षा केली आणि चोर सापडला. त्याचे नाव फ्लोराइड.

आपल्या देशात ही व्यथा वैद्यकीय नोंदीत आली १९३७ साली, तेव्हाच्या मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यातून. तेथे गोष्ट दातांवर थांबली नव्हती. वर्षानुवर्षे ते पाणी पिऊन माणसांचे सांधे आखडले होते, पाठीचे कणे ताठ झाले होते. तेथील शेतकऱ्यांना हे आधी औताच्या बैलांत दिसले होते, असे सांगतात. पाहा, मुक्या जनावराने साक्ष दिली, पण ती वाचणारा उशिरा आला.

आता आपल्या विहिरींकडे वळू. जुन्या पायऱ्यांच्या विहिरीत माणसे उतरत, पाय बुडत आणि नारू पसरे. १९७२च्या दुष्काळात विहिरी आटल्या. त्या सुमारास गावोगाव विंधन विहिरी झाल्या, त्यांवर हातपंप बसले. देशभर पोहोचलेल्या मार्क-दोन पंपाचा पूर्वज आपल्या सोलापूरचाच, बरं का! सुरक्षित पाणी आणि गावोगावच्या कार्यकर्त्यांची मेहनत यांमुळे नारू हटला. २००० साली भारत नारूमुक्त ठरला. हे उपकार विसरू नयेत.

परंतु पाण्यात जंतू नाहीत म्हणजे पाणी निर्दोष, असे नव्हे. खोल खडकात पाणी दीर्घकाळ मुरते. खडकात फ्लोराइडयुक्त खनिजे असली, तर ती हळूहळू पाण्यात उतरतात. त्याला ना रंग, ना वास, ना चव. चंद्रपूर, यवतमाळ आणि नांदेड जिल्ह्यांतील काही गावांनी हे भोगले आहे. एकाच गावात एक विहीर चांगली आणि दुसरी वाईट, असेही घडते.

मग फ्लोराइड विषच का? तसे नाही. थोड्या प्रमाणात ते दात किडू देत नाही; म्हणून अमेरिकेतील ग्रँड रॅपिड्स शहराने १९४५ साली ते मुद्दाम पाण्यात घातले. सगळा प्रश्न मापाचा आहे. भारतीय मानकाप्रमाणे लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत ठीक. दुसरे पाणीच नसेल, तर फार तर दीड.

पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटते आणि प्रमाण वाढते. फडक्याने गाळूनही ते जात नाही. नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने तुरटी आणि चुना वापरून ते काढण्याची रीत शोधली, तिला ‘नलगोंडा पद्धत’ म्हणतात. मात्र त्यात माप नेमके लागते, चिमटीच्या अंदाजाने भागत नाही. एकदा आखडलेला कणा पूर्ववत करणारे औषध नाही. म्हणून खरा उपाय एकच: पिण्याचे आणि स्वयंपाकाचे पाणी बदलणे. चांगली विहीर असेल ती वापरा, पावसाचे पाणी स्वच्छ साठवा, आणि मुलांच्या आहारात दूध, नाचणी, आवळा असू द्या.

गुरुजी, आपल्या वर्गातील आठ-दहा वर्षांच्या मुलांचे दात एकदा उजेडात पाहा. अनेकांच्या दातांवर खडूसारखे पांढरे वा तपकिरी आडवे पट्टे दिसले, तर रागावू नका. कोणते मूल कोणत्या विहिरीचे पाणी पिते, याची वहीत नोंद करा. ती वही ग्रामपंचायतीपुढे ठेवा आणि प्रत्येक विहिरीचे पाणी जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत तपासून घ्या. ओकलीच्या आईबापांनी जे पाहिले, ते बोलून दाखवले, म्हणून त्यांची धाकटी पोरे वाचली. आपणही तेवढेच करावयाचे आहे.