रिकाम्या हातांचा इतिहास

'कंटाळा आलाय? घरातल्या वस्तूंपासून हे बनवा.' यूट्यूबवर मराठीत असं काही शोधलं की व्हिडिओंची रांग लागते. आइस्क्रीमच्या काड्यांचं पेनस्टँड, प्लास्टिकच्या बाटलीची कुंडी, जुन्या वर्तमानपत्राची टोपली. खर्च जवळपास शून्य, वेळ दहा मिनिटं. या सगळ्या व्हिडिओंनी एक गोष्ट धरून चाललेली असते : बघणाऱ्याकडे रिकामा वेळ आहे आणि तो कसा घालवायचा हा त्याचा प्रश्न आहे.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दिवसभर स्क्रीनसमोर बसल्यावर हातांनी काहीतरी करावंसं वाटतं, म्हणून हे व्हिडिओ मीही बघतो. पण गोंदिया जिल्ह्याच्या नजरेतून पाहिलं, तर घरी बसून स्वस्तातल्या वस्तूंपासून काहीतरी बनवणं ही गोष्ट इतकी साधी राहत नाही. इथे पान, काडी, माती आणि दोरा यांच्याभोवती सण आहे, शाळा आहे, कारखाना आहे. एवढंच काय, सुप्रीम कोर्टाचा एक निकालही आहे.

आपल्याकडे एक म्हण आहे : रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी. हाताला काम नसलेल्या कारागिराची ही थट्टा. त्याच्याकडे गिऱ्हाईक का नव्हतं, हे म्हण विचारत नाही. हा लेख त्या न विचारलेल्या प्रश्नाच्या बाजूचा आहे.

मातीचा बैल

सुरुवात आनंदाच्या गोष्टीपासून करू. श्रावण अमावस्येला पोळा होतो आणि दुसऱ्या दिवशी विदर्भात तान्हा पोळा असतो. पहिला दिवस खऱ्या बैलांचा, दुसरा पोरांच्या बैलांचा. नागपूरकर या प्रथेचं श्रेय दुसऱ्या रघुजी भोसल्यांना देतात आणि साल १८०६ सांगतात. लाकडी नंदी, त्याला चाकं, गळ्यात घुंगरू आणि ओढायला दोरी. तो घेऊन मुलं घरोघर जातात आणि मोठी माणसं त्यांना बोजारा म्हणून पैसे किंवा खाऊ देतात.

आता लाकडी बैल बाजारातून येतो आणि मोठा कोरीव बैल चांगलाच महाग असतो. पण मातीचा बैल कुणालाही जमतो. चिकट माती मळायची, चार पाय जाडच ठेवायचे, वशिंड थोडं उंच घ्यायचं आणि सावलीत वाळवायचं. उन्हात ठेवला की वरची माती आधी आक्रसते, आतली ओलीच राहते आणि पायाशी तडा जातो. घरी करून बघायला यापेक्षा स्वस्त वस्तू नाही.

हा बैल वर्षाच्या कोणत्या दिवसांत येतो, तेही बघण्यासारखं आहे. गोंदिया धानाचा जिल्हा. पावसाळ्यात चिखलणी आणि रोवणी म्हणजे बैलांसाठी आणि माणसांसाठी वर्षातलं सगळ्यात कष्टाचं काम. ते उरकल्यावर पोळा येतो. म्हणजे हा रिकामा वेळ कामानंतर मिळालेला, सगळ्या गावाने एकदम घेतलेला. पोराच्या हातातला बैल हा त्या सुट्टीतला त्याचा वाटा.

तीन तास वीस मिनिटं

दुसरी गोष्ट शाळेची. १९३७ साली गोंदिया हा भंडारा जिल्ह्याचा भाग होता आणि भंडारा मध्य प्रांत व वऱ्हाडात. त्याच प्रांतात, वर्ध्याला, २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी एक शिक्षण परिषद भरली. अध्यक्ष महात्मा गांधी. त्यांचं म्हणणं असं की मुलाचं शिक्षण एखाद्या उपयोगी हस्तकलेपासून सुरू व्हावं. बाकीचे विषय त्या कामातूनच शिकवावेत आणि मुलांनी बनवलेल्या वस्तूंच्या विक्रीतून शिक्षकाचा पगार निघावा.

योजना आखण्यासाठी डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. हेच पुढे राष्ट्रपती झाले. समितीने सात ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी जे वेळापत्रक सुचवलं, ते आज वाचताना आपण थबकतो. साडेपाच तासांच्या शाळेत हस्तकलेला ३ तास २० मिनिटं. मातृभाषेला ४० मिनिटं. संगीत, चित्रकला आणि गणित मिळून ४० मिनिटं. मधली सुट्टी १० मिनिटं.

हस्तकलेत सूतकताई महत्त्वाची आणि सूतकताईचं सगळ्यात स्वस्त साधन म्हणजे टकळी. एक काडी आणि खाली जड चकती. भोवऱ्यासारखी फिरवली की कापसाच्या पेळूतून सूत निघतं. चकतीचं वजन काडीला फिरतं ठेवतं, म्हणून सुताला पीळ बसतो. काडी नीट मध्यावर नसेल तर टकळी डुगडुगते आणि धागा तुटतो. किती सूत निघालं ते मोजताना अंकगणित, कापूस कुठे पिकतो ते सांगताना भूगोल, कापड गिरण्यांची गोष्ट सांगताना इतिहास. एका काडीतून अख्खा अभ्यासक्रम काढायची ही कल्पना मला आजही धाडसी वाटते.

पण विरोध त्याच परिषदेत झाला. अर्थतज्ज्ञ प्रा. के. टी. शहा यांनी प्रश्न केला की शाळेतली मुलं माल बनवून विकू लागली, तर गावातल्या कारागिराच्या पोटाचं काय? आणि कमाईची सक्ती असेल, तर ते मुलांना राबवणंच झालं. समितीलाही धोका दिसत होता. शिक्षण बाजूला राहून फक्त उत्पादनावर जोर येऊ शकतो, असा इशारा तिने स्वतःच्याच अहवालात दिला.

सेवाग्रामला आशादेवी आणि ई. डब्ल्यू. आर्यनायकम् यांनी ही नई तालीम वर्षानुवर्षं चालवली. देशभर मात्र ती टिकली नाही. पुढे कोठारी आयोगाने (१९६४ ते १९६६) 'कार्यानुभव' सुचवला. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या आठवणीत कार्यानुभव म्हणजे आठवड्यातले एक-दोन तास, 'टाकाऊपासून टिकाऊ' आणि प्रदर्शनाच्या आदल्या रात्री घरच्यांनी चिकटवलेलं थर्माकोल. तीन तास वीस मिनिटांचं हे असं झालं.

मांडीवरचं सूप

वर्ध्यात मुलांच्या हाताला काम द्यावं की नाही यावर वाद चालला होता, तेव्हा पूर्व विदर्भातल्या अनेक घरांत ते काम आधीच पोचलेलं होतं. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी भिजवलेली तेंदूची पानं, कात्री आणि दोऱ्याचं रीळ. पत्र्याच्या मापाने पान कापायचं, तंबाखू पसरायचा, वळायचं, टोकं दुमडायची, दोरा बांधायचा. मजुरी हजार बिड्यांवर.

साहित्याची यादी वाचा : पान, कात्री, दोरा. एखाद्या क्राफ्ट व्हिडिओची शोभावी अशीच. काम घरी बसून, सोपं दिसणारं, भांडवल फारसं नाही. आजूबाजूला तेंदूचं जंगल आणि माल बाहेर न्यायला रेल्वे, यामुळे मध्य प्रांतात विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत हा धंदा वाढला. गोंदिया त्याचं एक मोठं केंद्र झालं. त्याच उद्योगातले मनोहरभाई पटेल यांनी १९५८ साली गोंदिया एज्युकेशन सोसायटी सुरू केली आणि जिल्ह्यात शाळा-महाविद्यालयं उभी राहिली. घरोघरी वळलेल्या बिडीचा आणि कॉलेजच्या इमारतीचा संबंध आमच्या भागात इतका थेट आहे.

आता कोर्टाचा निकाल. १९४८ साली मध्य प्रांत व वऱ्हाड सरकारने एक कायदा केला. शेतीच्या हंगामात मजूर बिडीकडे वळतात आणि शेतात हात कमी पडतात, म्हणून ठरावीक गावांत हंगामापुरतं बिडीकाम बंद करण्याचा अधिकार उपायुक्ताला दिला. १९५० साली सागर जिल्ह्यात तसा हुकूम निघाला. ८ ऑक्टोबर ते १८ नोव्हेंबर या काळात त्या गावांतल्या कुणीही बिडी वळायची नाही. सागर आज मध्य प्रदेशात आहे, पण तेव्हा आपण एकाच राज्यात होतो.

प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं : चिंतामणराव विरुद्ध मध्य प्रदेश राज्य. ८ नोव्हेंबर १९५० रोजी, संविधान लागू होऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा, कोर्टाने ही बंदी रद्द केली. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा निकाल 'वाजवी निर्बंध' म्हणजे काय यासाठी शिकवला जातो. मला त्यातला दुसराच मुद्दा महत्त्वाचा वाटतो. कोर्टाने म्हटलं की गावात शेतीकाम न झेपणारी माणसं असतात. म्हातारी, अपंग, आजारी, बायका, मुलं. ती फावल्या वेळात बिड्या वळून चार पैसे मिळवतात. त्यांना रोखण्याचं काय कारण?

फावला वेळ! देशाच्या सगळ्यात मोठ्या कोर्टात गावातल्या म्हातारीच्या फावल्या वेळाचा विचार झाला आणि निकाल तिच्या बाजूने लागला. मला याचं कौतुक वाटतं. पण त्याच यादीत मुलंही होती, आणि त्यांनी फावल्या वेळात बिड्या वळणं तेव्हा कुणाला खटकलं नाही.

पुढे १९८६ साली बालमजुरीविरोधी कायदा आला. मुलांना ज्या कामांवर ठेवायला बंदी, त्या कामांच्या यादीत बिडी वळणं होतं. पण कायद्याला एक अपवाद जोडला होता. काम घरच्या माणसांच्या मदतीने चाललं असेल, किंवा सरकारमान्य शाळेत चाललं असेल, तर ही बंदी लागू नाही. कायद्याच्या एकाच वाक्यात घर आणि शाळा! टकळी आणि बिडी शेजारी बसलेल्या. २०१६ साली कायदा बदलला आणि नियम कडक झाले, पण कुटुंबाच्या उद्योगात शाळा सांभाळून मदत करण्याची सूट, धोकादायक कामं वगळून, तेव्हाही राहिली.

आगकाडीचा त्रिकोण

बिडीसोबत आगपेटी आलीच. १९७२ साली मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात १६ शाळांमध्ये प्रयोगातून विज्ञान शिकवायचा कार्यक्रम सुरू झाला. महागडी उपकरणं नव्हती, म्हणून गावात मिळेल ते वापरायचं. आयआयटी कानपूरचे पदवीधर अरविंद गुप्ता तेव्हा पुण्यात टेल्कोमध्ये इंजिनिअर होते. १९७८ साली ते रजा घेऊन या कार्यक्रमात गेले. तिथे आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांचा खेळ तयार झाला. पुढे ते पुण्यात आयुकामध्ये मुलांसाठी खेळणी बनवत राहिले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

करून बघा. सायकलच्या दुकानातून व्हॉल्व्ह ट्यूब आणा आणि बोटाच्या पेराएवढे तुकडे करा. काड्यांचा गुल काढून टाका. एका तुकड्याच्या दोन्ही टोकांत दोन काड्या घातल्या की वाकणारा सांधा तयार होतो. तीन काड्या आणि तीन सांधे जोडून त्रिकोण करा आणि दाबा. आकार बदलत नाही. चार काड्यांचा चौकोन करा आणि दाबा. तो लगेच तिरका होतो. आता तो वाकू नये म्हणून काय कराल? कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक आडवी काडी. ती थोडी लांब लागते, हे बनवतानाच कळतं. मग विजेचा मनोरा किंवा रेल्वेचा लोखंडी पूल बघा. सगळीकडे त्रिकोण दिसतील. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला हेच फळ्यावर शिकवतात. काड्यांनी ते बोटांना आधीच कळलेलं असतं.

हे मॉडेल विकायचं नसतं आणि कुणाला भेटही द्यायचं नसतं. कळलं की मोडायचं आणि त्याच काड्यांचं दुसरं काहीतरी करायचं.

इथे मला या चार वस्तूंमधला फरक सापडतो. मातीचा बैल, टकळी, बिडी आणि आगकाडीचा त्रिकोण. साहित्य चौघांचंही स्वस्त आणि काम चौघांचंही हाताचं. पण बैल किंवा त्रिकोण अर्धा ठेवून पोरगं खेळायला पळू शकतं. टकळीवाल्या मुलाला घंटा होईपर्यंत थांबावं लागायचं. बिडी वळणारी बाई हजार भरल्याशिवाय उठू शकत नाही. हातातलं काम अर्धवट टाकून उठता येणं, यालाच मी छंद म्हणेन. कंटाळा यायलाही तेवढी सवड लागते, आणि ती सवड सगळ्या घरांत सारखी वाटलेली कधीच नव्हती.

म्हणून पुढच्या वेळी कंटाळा आला तर काहीतरी जरूर बनवा. हाताने बनवलेलं, पॅकिंगवर सुंदर नक्षी असलेलं काही विकत घेताना मात्र एक हिशेब करून बघा. हे एक बनवायला किती वेळ लागला असेल, बनवणाऱ्याला त्याचे किती मिळाले असतील, आणि मध्येच पाणी प्यायला उठायची तिला मुभा होती का?