घन यामिकी व पदार्थविज्ञान : उत्तर कोकणातील संशोधन आणि रोजगार

भार, तापमान किंवा आघात यांमुळे घन वस्तू किती वाकते, किती ताणली जाते आणि केव्हा मोडते, याचा गणिती अभ्यास म्हणजे घन यामिकी. ती वस्तू तशी का वागते, याचे उत्तर तिच्या अंतर्रचनेत शोधणारी शाखा म्हणजे पदार्थविज्ञान. पहिली शाखा प्रतिबल व विकृती मोजते. दुसरी मिश्रधातूतील घटक आणि उष्णता-प्रक्रिया ठरवते. समुद्रकाठी भार आणि खारे पाणी यांचा मारा एकाच वेळी होत असल्याने दोन्ही शाखांची गरज एकत्रच पडते. अर्नाळ्यापासून मुंबईपर्यंतच्या पट्ट्यात असे प्रश्न आहेत आणि त्यांवर काम करणाऱ्या संस्थाही आहेत.

स्थानिक प्रश्न : वैतरणा नदीच्या मुखाशी बेटावर उभा असलेला अर्नाळ्याचा जलदुर्ग मराठ्यांनी १७३७ मध्ये घेतला. अशा दगडी बांधकामात खारे पाणी छिद्रांत शिरते. ते वाळताना मिठाचे स्फटिक वाढतात, आतून दाब पडतो आणि चुन्याचे सांधे भुसभुशीत होतात. दुरुस्तीत कडक सिमेंट वापरले तर ओल आत कोंडते, म्हणून मूळ चुन्याशी जुळणारे मिश्रण लागते. काँक्रीटमध्ये मिठातील क्लोराइड सळ्यांपर्यंत पोहोचते. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो आणि काँक्रीटला तडे जातात. त्यामुळे आयएस ४५६ : २००० या मानकात किनारी हवेतील सळईयुक्त काँक्रीटसाठी किमान एम-३०, तर समुद्राचे तुषार झेलणाऱ्या बांधकामासाठी किमान एम-३५ प्रत सांगितली आहे.

याच दुर्गाचे नाव असलेली 'आयएनएस अर्नाळा' ही पाणबुडीविरोधी युद्धनौका १८ जून २०२५ रोजी विशाखापट्टणम येथे नौदलात दाखल झाली. सुमारे ७७ मीटर लांबीच्या या नौकेची बांधणी इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग या नौका-वर्गीकरण संस्थेच्या नियमांनुसार झाली. लाटांचा सतत बदलणारा भार, वेल्डिंगच्या जोडांतील शिणवटा आणि गंज यांचा हिशेब नौकाबांधणीत एकत्र करावा लागतो. अर्नाळ्याच्याच पालघर जिल्ह्यात असलेल्या तारापूरच्या अणुवीज केंद्रात पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ पासून आहेत. तेथील तिसऱ्या व चौथ्या, जड पाण्याच्या अणुभट्ट्यांतील दाबनळ्या झिर्कोनियम-नायोबियम मिश्रधातूच्या असतात. न्यूट्रॉनचा मारा, उष्णता आणि हायड्रोजन यांमुळे त्यांचे आकारमान व चिवटपणा कसा बदलतो, हा संशोधनाचा दीर्घकालीन विषय आहे.

संशोधन संस्था : तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात अणुभट्टीचे पदार्थ आणि तडा-यामिकी यांवर काम चालते. अंबरनाथची नौदल पदार्थ संशोधन प्रयोगशाळा गंजप्रतिबंध, सागरी रंगलेप, बहुवारिके (पॉलिमर) व इंधनघट या विषयांत काम करते. पवईच्या आयआयटीत (स्थापना १९५८) धातु-अभियांत्रिकी व पदार्थविज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे. घन यामिकी तेथे यंत्र, स्थापत्य व वांतरिक्ष या विभागांत शिकवली जाते. कोकणाबाहेर, पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा (१९५०) बहुवारिकांसाठी, तर ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन (१९६६) वाहनांच्या चाचण्यांसाठी ओळखली जाते.

शिक्षण व प्रवेश : यंत्र, स्थापत्य किंवा धातु-अभियांत्रिकीची पदवी हा नेहमीचा मार्ग, भौतिकी व रसायनाचे पदव्युत्तर विद्यार्थी पदार्थविज्ञानाकडे वळू शकतात. पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या 'गेट' परीक्षेच्या अभियांत्रिकी विज्ञान (एक्सई) प्रश्नपत्रिकेत गणित सक्तीचे असून इतर विभागांतून दोन निवडता येतात. त्यांत घन यामिकी व पदार्थविज्ञान ही जोडी घेता येते. भाभा केंद्राची प्रशिक्षण शाळा १९५७ पासून वैज्ञानिक अधिकारी घडवते. पदविकाधारकांसाठी वृत्तिवेतनासह प्रशिक्षणाची वेगळी योजना आहे.

रोजगार : गोदी, तेल-वायू फलाट आणि वीजकेंद्रे यांत वेल्डिंग तपासणी, अविनाशी चाचणी व उर्वरित आयुर्मानाचा अंदाज ही कामे असतात. पवईत मुख्यालय असलेल्या इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंगसारख्या वर्गीकरण संस्थांना आराखडे तपासणारे व नौकांची पाहणी करणारे अभियंते लागतात. पुण्याच्या वाहनउद्योगात संगणकी प्रतिरूपण आणि धडक-विश्लेषण यांना मागणी आहे. अशा नोकऱ्यांसाठी बहुधा पदवी किंवा एम.टेक. पुरते, स्वतंत्र संशोधन व विद्यापीठीय अध्यापन यांसाठी पीएच.डी. लागते. केवळ सॉफ्टवेअर हाताळता येणे दोन्हीकडे अपुरे ठरते, कारण संगणकाला द्यावयाचे पदार्थाचे गुणधर्म शेवटी नमुना ताणून, तोडून आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच मिळतात.