गच्चीवरचं सोनं

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाची परीक्षा संपली, त्या मे महिन्यात मी आणि माझी रूममेट हॉस्टेलच्या गच्चीवर सहा लिंबं, अर्धी वाटी मध आणि एक जुना टॉवेल घेऊन बसलो होतो. मोबाइलवरच्या व्हिडिओतली मुलगी सांगत होती की पार्लरमध्ये हजारो रुपये घालवू नका, केस सोनेरी करायला लागणारं सगळं स्वयंपाकघरातच आहे. आणि घरगुती असल्यामुळे साइड इफेक्टही नाही. आम्ही दोन तास उन्हात बसलो. केस चिकट झाले, मुंग्या आल्या, रंग मात्र होता तिथेच.

तिसऱ्या दिवशी माझ्या कपाळावर आणि बोटांच्या पाठी लाल चट्टे उठले. मग ते काळे पडले. डॉक्टरांनी हात उलटापालटा करून पाहिला आणि एकच प्रश्न विचारला, "लिंबू पिळून उन्हात बसली होतीस का?" लिंबात, विशेषतः त्याच्या सालीत, अशी द्रव्यं असतात की ती कातडीवर असताना ऊन लागलं तर कातडी भाजते. माझे डाग गणपतीपर्यंत टिकले. सुट्टीत घरी गेल्यावर आजी म्हणाली, "केस भुरे करायला एवढा खटाटोप? अगं, लोक बघून म्हणतील, या पोरीच्या घरात डोक्याला लावायला तेल नाही."

आजीच्या या वाक्याकडे मी परत येणार आहे. त्याआधी व्हेनिसला जाऊ, कारण गच्चीवर बसून केस उन्हात घालणाऱ्या आम्ही काही पहिल्या नव्हतो.

सोळाव्या शतकातल्या व्हेनिसमध्ये घरांच्या छपरांवर लाकडी मचाणासारखे सज्जे असत. त्यांना 'अल्ताना' म्हणत, आणि त्यातले काही आजही दिसतात. १५९० साली चेझारे वेचेल्लिओ नावाच्या चित्रकाराने जगभरच्या पोशाखांचं एक सचित्र पुस्तक तिथे छापलं. हा प्रसिद्ध चित्रकार तिशियनच्या नात्यातला. त्याच तिशियनच्या, ज्याने रंगवलेल्या बायकांच्या तांबूस-सोनेरी केसांना पुढे त्याचंच नाव पडलं. वेचेल्लिओच्या पुस्तकात एक बाई अल्तानावर बसलेली आहे. अंगात पातळ रेशमी झगा, हातात आरसा आणि काठीच्या टोकाला बांधलेला स्पंज. त्या स्पंजने ती केस पुन्हा पुन्हा भिजवते आणि भर उन्हात वाळवते. डोक्यावर गवती टोपी आहे, पण टोपीला मधला भागच नाही, नुसती रुंद कड. या टोपीचं नाव 'सोलाना'. केस मधल्या भोकातून वर काढून कडेवर पसरायचे, म्हणजे केसांना ऊन आणि चेहऱ्याला सावली. केस सोनेरी हवेत, पण चेहरा रापायला नको. एकाच उन्हाकडून दोन उलटी कामं करून घेणारी ही टोपी मला फार आवडते. रिक्वायरमेंट विचित्र असली तरी डिझाइन चोख आहे.

आता त्या स्पंजात काय असायचं? १५६२ साली व्हेनिसमध्येच जोव्हान्नी मारिनेल्लो या वैद्याने स्त्रियांच्या प्रसाधनांवर एक पुस्तक छापलं होतं. त्यात केस सोनेरी करायच्या अनेक कृती आहेत. त्या काळच्या अशा कृतींमध्ये राखेचं निवळलेलं पाणी, तुरटी, गंधक, मध अशा वस्तू येतात. यादीतला गंधक सोडला तर सगळं आपल्याही घरात सापडेल. आपल्याकडे भांडी राखेने घासत, कपडेही राखेच्या पाण्यात भिजवत. म्हणजे 'स्वयंपाकघरात सगळं आहे' हा दावा मोबाइलपेक्षा निदान साडेचारशे वर्षं जुना आहे.

यातलं खरं काम कोण करत होतं, ते समजायला केसाची रचना बघावी लागते. केसाच्या बाहेरून कौलांसारखे एकावर एक चढलेले खवले असतात. रंग, म्हणजे मेलॅनिन, आतल्या गाभ्यात असतो. राखेचं पाणी क्षारयुक्त असतं. क्षाराने केस फुगतो आणि कौलं उचकटतात. मग आतल्या मेलॅनिनचे तुकडे करणारं, म्हणजे त्याला ऑक्सिडाइझ करणारं काहीतरी हवं. व्हेनिसमध्ये ते मुख्यतः ऊन होतं. तपकिरी किंवा गडद सोनेरी केसांवर दिवसचे दिवस हे केलं तर फरक पडायचा. लिंबू आम्ल आहे, त्याने कौलं उचकटत नाहीत, उलट मिटून बसतात. आमच्या गच्चीवर जे काही थोडंफार झालं असेल, ते उन्हाने केलं. लिंबाने फक्त माझा हात भाजला.

पण कौलं उचकटली की घराचं काय होतं, हेही त्या काळच्या लोकांना माहीत होतं. त्यांच्याही दीड हजार वर्षं आधी रोममध्ये हा धडा गिरवून झाला होता. थोरल्या प्लिनीने पहिल्या शतकात लिहून ठेवलंय की 'सापो' नावाची वस्तू गॉल लोकांनी केस लाल करण्यासाठी शोधली. ती चरबी आणि राख यांपासून बनते, बकरीची चरबी आणि बीच झाडाची राख सगळ्यात चांगली, आणि जर्मन लोकांत ती बायकांपेक्षा पुरुष जास्त वापरतात. चरबी आणि राख म्हणजे साबणच. साबणाचा हा सगळ्यात जुन्या उल्लेखांपैकी एक, आणि तो अंघोळीसाठी नाही, केसांच्या रंगासाठी आहे! डायोडोरस हा ग्रीक इतिहासकार सांगतो की गॉल लोक केस चुन्याच्या पाण्याने धुवून मागे वळवत. चुना, म्हणजे पुन्हा क्षारच.

ओव्हिड या रोमन कवीची या विषयावर एक आख्खी कविता आहे. त्याच्या प्रेयसीचे केस गळून गेलेत आणि हा तिला म्हणतो, मी सांगत होतो, रंग लावणं बंद कर, आता लावायला केसच उरले नाहीत. तापलेल्या लोखंडाने केस कुरळे करण्यावरही त्याची तक्रार आहे. रंग कोणता होता ते कविता सांगत नाही. पण हे तुझ्याच हाताने केलंस, असं तो तिला ऐकवतो. सांत्वन काय, तर जिंकलेल्या जर्मन बायकांच्या केसांचा टोप घाल. तो टोप पाहून कुणी कौतुक केलं की तिला लाज वाटेल, हेही तो वर सांगतो. प्रियकर म्हणून हा माणूस मला मुळीच आवडलेला नाही. मात्र घरी केलेल्या प्रयोगाने टक्कल पडल्याची इतकी जुनी आणि इतकी सविस्तर नोंद दुसरी माझ्या पाहण्यात नाही.

या सगळ्याचा कायापालट केला तो एका बाटलीने. १८१८ साली लुई जाक थेनार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने हायड्रोजन पेरॉक्साइड तयार केलं. पाण्याच्या रेणूत एक ऑक्सिजन जादा, आणि तो सुटायला टपलेला. त्याचं काय करायचं हे केशभूषाकारांना कळायला जवळपास पन्नास वर्षं गेली. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात लंडनचे रसायनविक्रेते थिएले आणि पॅरिसचे केशभूषाकार ह्यूगो यांनी तीन टक्क्यांचं पेरॉक्साइड 'तारुण्याच्या झऱ्याचं पाणी' अशा थाटाच्या नावाने लोकांपुढे मांडलं. आता ना अल्ताना लागणार होता, ना सोलाना, ना ऊन.

बाटली आली तरी 'घरगुती' हा शब्द गेला नाही. १९३१ च्या 'प्लॅटिनम ब्लाँड' या सिनेमानंतर जीन हार्लोच्या पांढुरक्या केसांची अमेरिकेत लाट आली. तिच्या केसांसाठी पेरॉक्साइड, अमोनिया, कपड्यांचं क्लोरीन ब्लीच आणि साबणाचा चुरा वापरत, असं सांगितलं जातं. १९३७ मध्ये ती २६ व्या वर्षी गेली तेव्हा केसांच्या ब्लीचनेच मारलं, अशी अफवा उठली. ती खोटी होती, तिची मूत्रपिंडं निकामी झाली होती. पण कृती खरी असो वा नसो, अमोनिया आणि क्लोरीन ब्लीच एकत्र केल्यावर क्लोरामाइन हा विषारी वायू निघतो. संडास धुवायच्या ब्लीचची बाटलीही 'घरातलीच' असते, म्हणून हे लिहिलं.

आता मधाबद्दल, कारण मधाच्या बाबतीत व्हिडिओवाली अगदीच खोटं बोलत नव्हती. मधात ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम असतं. मधात पाणी घातलं की ते खरोखर हायड्रोजन पेरॉक्साइड बनवतं. तेच, थेनारवालं. फक्त त्याचं प्रमाण १८६७ च्या त्या तीन टक्क्यांपेक्षा शेकडो पटींनी कमी असतं. मध सुरक्षित आहे, तो याचमुळे. कॅमोमाइलच्या फुलांच्या पाण्याचंही तसंच. त्यातला पिवळा रंग केसावर बसतो, आतलं काही काढत नाही, आणि काळ्यावर पिवळं दिसणार कुठून? व्हेनिसचं राखेचं पाणी परिणाम करायचं आणि केसही खायचं. घरगुती उपायांच्या या दोन हजार वर्षांत परिणाम करणारा आणि निरुपद्रवी असा एकही मला सापडला नाही.

काळ्या केसांचं आणखी एक दुखणं आहे. त्यातला काळा-तपकिरी युमेलॅनिन आधी तुटतो, तांबूस फिओमेलॅनिन चिवट असतो. त्यामुळे आपले केस अर्धवट उजळले की सोनेरी होत नाहीत, नारिंगी-भुरे होतात.

आणि इथे आजी येते. आपल्याकडे केसांचा जो जुना ध्यास आहे तो उलट्या दिशेचा. आयुर्वेदाच्या ग्रंथांत 'पलित' म्हणजे पिकलेल्या केसांवर उपाय सांगितलेत, माक्याचं तेल आजही घरोघर आहे. आपोआप उजळलेल्या केसांचा अर्थ इथे वेगळा लावला जातो. सिसिली विल्यम्स या डॉक्टरने १९३० च्या दशकात आफ्रिकेच्या गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानामध्ये, मुलांच्या कुपोषणाचा एक आजार जगासमोर मांडला, क्वाशिओरकोर. त्यात केस विरळ होतात आणि तांबूस, भुरे पडतात. मूल कधी उपाशी, कधी बऱ्यापैकी पोसलेलं असेल तर एकाच केसावर फिके आणि गडद पट्टे दिसतात. डॉक्टर त्याला झेंड्याची खूण म्हणतात. भुकेची तारीखवार नोंदच ती. मेळघाटसारख्या भागात काम करणाऱ्या डॉक्टरांना हे केस नवे नाहीत. आजीने असा शब्द कधी ऐकला नसेल, पण भुरे केस बघून ती आधी घरातल्या तेलाचा विचार करते, तो काही उगाच नाही.

तरीही केस उजळायचे असतील तर उजळा, मी कोण सांगणार? फक्त थेट प्रॉडक्शनवर टाकू नका. कंगव्यात अडकलेल्या केसांची एक बट बांधा आणि जे काही लावणार आहात ते आधी तिच्यावर लावा. कानामागे थोडंसं लावून ४८ तास थांबा. लिंबू लावून उन्हात जाऊ नका, आणि क्लोरीन ब्लीच संडासातच राहू द्या.

हा लेख लिहिताना मी चार वाट्या मांडल्या होत्या. मध, कॅमोमाइल, लिंबू आणि औषधाच्या दुकानातलं पेरॉक्साइड, प्रत्येकीत माझ्याच केसांची एक बट. लिंबाची वाटी खिडकीत उन्हाला ठेवली होती, मी सावलीत. मध आणि कॅमोमाइलमधल्या बटा काळ्याच्या काळ्या निघाल्या. लिंबातली कडक झाली होती. पेरॉक्साइडमधल्या बटेचा फोटो आजीला पाठवला. तिने उत्तरात खोबरेल तेलाच्या बाटलीचा फोटो पाठवला.