चमचा, मेणबत्ती आणि सोन्याची लाल रेघ

नागपूरच्या मनीषनगरातील एखाद्या औषधाच्या दुकानात गेलात, तर गरोदरपण तपासण्याची पट्टी सहज मिळेल. लघवीचे दोन-तीन थेंब टाकले, की थोड्याच वेळात तिच्यावर लालसर रेघ उमटते. ही लाली बहुतेक पट्ट्यांत सोन्याची असते! पण सोने तर पिवळे. मग ते लाल कसे झाले, आणि लघवीच्या तपासणीत कसे आले? त्यासाठी दोन वेगळ्या गोष्टी पाहू.

पहिली प्रथिनांची. निरोगी मूत्रपिंडे रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिन जवळजवळ सगळे अडवून ठेवतात. गाळणी बिघडली, की ते लघवीत उतरते. अठराव्या शतकात इटलीतील दोमेनिको कोतुन्यो यांनी अंगावर सूज आलेल्या रुग्णाची लघवी तापवली. ती अंड्यातील पांढऱ्या बलकासारखी गोठली. १८२७ मध्ये लंडनच्या रिचर्ड ब्राइट यांनी सूज, अशी लघवी आणि शवविच्छेदनात दिसणारी रोगट मूत्रपिंडे यांचा संबंध दाखवला. उपकरणे कोणती? चमचा आणि मेणबत्ती. वर्गात अंड्याचा पांढरा बलक भरपूर पाण्यात मिसळून, गाळून, व्हिनेगरचा थेंब टाकून तापवा. तोच गढूळपणा दिसेल.

दुसरी गोष्ट सोन्याची. १८५७ मध्ये मायकेल फॅरेडे यांनी सोन्याच्या क्षारावर फॉस्फरसची क्रिया करून माणकासारखा लाल द्रव मिळवला. हा रंग सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचा, हे त्यांनी ओळखले. मीठ घातले, की तो निळा होई. आज आपल्याला कारण ठाऊक आहे. काही दशक नॅनोमीटर आकाराच्या कणांतील इलेक्ट्रॉन एकत्र आंदोलने करतात आणि हिरवा प्रकाश शोषतात. म्हणून द्रव लाल दिसतो. मिठामुळे कण एकमेकांना चिकटतात आणि रंग बदलतो.

या दोन गोष्टींची गाठ पडली ती १९०१ च्या सुमारास. रिचर्ड झिग्मोंडी यांनी प्रथिने सोन्याच्या कणांना मिठापासून किती वाचवतात, हे मोजण्याची रीत बसवली. १९१२ मध्ये कार्ल लांगे यांनी मेंदू व मज्जारज्जूभोवतालच्या द्रवातील प्रथिने तपासण्यासाठी हाच रंगबदल वापरला. १९७१ मध्ये फॉक आणि टेलर यांनी सोन्याच्या कणांना प्रतिपिंडे जोडली. प्रतिपिंड म्हणजे ठरावीक रेणूलाच पकडणारे प्रथिन. गरोदरपणाच्या पट्टीत ते एचसीजी हे संप्रेरक पकडते. तेही प्रथिनच. रेघेवर बसवलेले दुसरे प्रतिपिंड ही जोडी अडवते. तेथे सोने साठते आणि रेघ लाल होते.

मात्र पट्टी विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते. एचसीजीची पट्टी अल्ब्युमिनबद्दल काही सांगत नाही. गरोदर स्त्रीचा रक्तदाब वाढून लघवीत प्रथिन दिसू लागले, तर आई आणि बाळ दोघांनाही धोका असतो. म्हणून ती तपासणी वेगळी करावी लागते. मधुमेहात तर सुरुवातीला इतके थोडे अल्ब्युमिन उतरते, की चमचा आणि साधी रंगपट्टी दोन्ही चुकतात. त्यासाठी सोने जोडलेल्या प्रतिपिंडांच्या पट्ट्याही बनल्या.

बिघडणारे मूत्रपिंड बराच काळ दुखत नाही. ब्राइट यांच्या रुग्णांचा आजार सूज आल्यावरच कळे. आज तो सूज येण्याआधी कळू शकतो. पण तपासले तरच. विद्यार्थ्यांनी एवढे घरी जाऊन सांगितले, तरी हा धडा सार्थकी लागला असे आम्ही म्हणू.