इंद्रधनुष्यातले फिके पट्टे आणि 'कुठे थांबायचे' याचे गणित

गणेशोत्सवाच्या दिवसांत ऊन-पावसाचा खेळ चालूच असतो. संध्याकाळच्या आरतीआधी पूर्वेला इंद्रधनुष्य उमटले की मंडपातली मुले गच्चीवर धावतात. नीट निरखून पाहिले तर मुख्य धनुष्याच्या आतल्या बाजूला, जांभळ्या रंगाखाली, कधी कधी आणखी दोन-तीन फिके पट्टे दिसतात. या पट्ट्यांनी एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या गणितज्ञांना बारा वर्षे अडवून धरले होते. त्याची ही हकीकत.

आम्ही काही गणितज्ञ नव्हे. डिप्लोमा करून राज्य सरकारच्या बांधकाम खात्यात लागलो आणि निम्मे आयुष्य एस्टिमेट करण्यात गेले. 'अंदाजपंचे दाहोदरसे' हा टोमणा पुष्कळ ऐकला. म्हणूनच ही हकीकत आम्हाला जवळची वाटते.

इंद्रधनुष्य सुमारे ४२ अंशांवर का दिसते, हे देकार्त यांनी १६३७ मध्ये दाखवले. पण आतल्या फिक्या पट्ट्यांचा उलगडा त्यांच्या हिशेबात नव्हता. प्रकाश ही लाट आहे असे मानून थॉमस यंग यांनी १८०४ मध्ये त्यांचे कारण सांगितले. पुढे १८३८ मध्ये ग्रीनिचचे राजज्योतिषी जॉर्ज एअरी यांनी नेमके सूत्र मांडले. कुठे किती उजेड आणि कुठे अंधार, हे त्यातून कळायला हवे होते. मात्र ते सूत्र म्हणजे एक इंटिग्रल होते आणि त्याचे सरळ उत्तर निघत नव्हते.

मग एअरी यांनी, आम्ही सिम्प्सनच्या नियमाने तळ्याचे क्षेत्रफळ काढतो तसे, बारीक काप पाडून बेरीज केली. पण जसजसे पुढे जावे तसतशी वक्ररेषा जास्त वेगाने वरखाली होते, काप आणखी बारीक करावे लागतात. एवढ्या मेहनतीनंतर त्यांचे कोष्टक पहिल्याच काळ्या पट्ट्यापर्यंत पोचले. दहाएक वर्षांनी, आपल्या मदुराईत जन्मलेले गणितज्ञ डी मॉर्गन यांनी सुचवलेली श्रेढी वापरून, दुसरा पट्टाही हाती आला. इकडे केंब्रिजचे प्राध्यापक मिलर यांनी पाण्याच्या बारीक धारेवर प्रकाश टाकून तब्बल ३० काळे पट्टे मोजून ठेवले होते. सिद्धान्त खरा, की दोन पट्ट्यांपुरताच जुळतो? हे ठरवायला आकडेच नव्हते.

१८५० मध्ये तीस वर्षांच्या जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी वेगळी वाट धरली. ज्या श्रेढीची बेरीज शेवटी भरकटत जाते, अशी श्रेढी त्यांनी वापरली. आबेलसारख्या थोर गणितज्ञाने अशा श्रेढ्यांना सैतानाची करणी म्हटले होते!

तिची तऱ्हा एका सोप्या उदाहरणावरून कळेल. १ पासून सुरुवात करा. त्याला १/१० ने गुणा, आलेल्या उत्तराला २/१० ने, मग ३/१० ने, असे पुढे. आणि ही पदे आळीपाळीने वजा व अधिक करा: १ − ०.१ + ०.०२ − ०.००६ + ०.००२४ … नवव्या गुणाकारापर्यंत पदे लहान होत जातात, दहाव्याला तेवढेच राहते, अकराव्यापासून वाढू लागतात. सव्विसावे पद तर १ पेक्षाही मोठे! पण सर्वांत लहान पदापाशी थांबलो तर बेरीज ०.९१५४६ किंवा ०.९१५८२ येते. ही श्रेढी ज्या इंटिग्रलसाठी आहे, त्याचे खरे मूल्य आहे ०.९१५६३. शिवाय येथे चूक सोडून दिलेल्या पहिल्या पदापेक्षा लहानच राहते, म्हणजे ती किती असू शकेल हे आधीच सांगता येते.

स्टोक्स यांची श्रेढीही अशीच, आधी आटणारी आणि मग फुगणारी. पट्टा जितका दूरचा, तितकी ती जास्त अचूक. म्हणजे एअरी यांची पद्धत जिथे थकली, तिथेच हिचा जोर. त्यांनी पन्नास पट्ट्यांच्या जागा काढल्या. मिलर यांची मोजमापे त्यांच्याशी छान जुळली आणि एअरींचा सिद्धान्त कसोटीला उतरला.

एक कोडे मात्र राहिले. धनुष्याच्या काळोख्या बाजूची श्रेढी आणि उजळ बाजूची श्रेढी एकमेकींना जोडायची कशी? १८५७ मध्ये रात्री तीनपर्यंत जागून स्टोक्स यांनी तेही सोडवले आणि वाग्दत्त वधू मेरी रॉबिन्सन यांना पत्राने कळवले. त्याच वर्षी त्यांचे लग्न झाले. पुढे १८८६ मध्ये फ्रान्सच्या प्वांकारे यांनी अशा श्रेढ्यांची काटेकोर व्याख्या केली. आज त्यांना ॲसिम्प्टोटिक श्रेढी म्हणतात आणि अभियांत्रिकी व भौतिकशास्त्रात त्या रोज वापरल्या जातात.

आमच्या टेबलावरच्या कामाशी याची तुलना करणे धाडसाचे होईल. तरी एवढे म्हणावेसे वाटते, की अंदाज करणे कमीपणाचे नाही. चूक किती असू शकेल हे ठाऊक नसताना आकडा ठोकून देणे, ते मात्र अंदाजपंचे. कुठे थांबायचे हे ओळखून केलेला अंदाज हे शास्त्रच आहे.

यंदा इंद्रधनुष्य दिसले, तर मुलांना आतले फिके पट्टे जरूर दाखवा.