उसन्या आज्ञावलीतील दोषाचा माग

गणिताचे उत्तर चुकले म्हणजे विद्यार्थ्याने आधी आपली वही तपासावी, असे आम्ही शिक्षक सांगतो. पण चूक लॉगच्या कोष्टकातच असली तर? संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्यांपुढे हा प्रश्न प्रारंभापासून उभा आहे.

केंब्रिज विद्यापीठातील एडसॅक हा संगणक ६ मे १९४९ रोजी प्रथम चालला. त्याच त्या गणनांच्या आज्ञा प्रत्येकाने नव्याने लिहिण्याचे श्रम वाचावेत, म्हणून तेथे तयार उपआज्ञावलींचे 'ग्रंथालय' उभारण्यात आले. छिद्रे पाडलेल्या कागदी फितींचा तो संग्रह होता. १९५१ साली विल्क्स, व्हीलर व गिल यांनी त्यावर पुस्तक लिहिले. त्यांतील निवडक उपआज्ञावली आज्ञेनिशी छापल्या होत्या. उसनी वस्तू उघडून पाहता येत होती. त्याच वर्षी गिल यांनी दोषशोधनावर निबंध प्रसिद्ध केला. त्यांच्या रीतीत एक तपासनीस आज्ञावली मूळ आज्ञावलीतील एकेक आज्ञा पार पाडी व तिची खूण छापीत जाई.

पुढे ही उघडी दारे मिटू लागली. १९८३ मध्ये आयबीएमने केवळ यंत्रभाषेतील आज्ञावली देण्याचे धोरण जाहीर केले. त्याच वर्षी रिचर्ड स्टॉलमन यांनी मूळ लेखन सर्वांस खुले ठेवणारा ग्नू प्रकल्प घोषित केला. नोव्हेंबर २००१ मध्ये तर आयबीएमनेच एक्लिप्स खुले केले. लेखन व दोषशोधन एकत्र करणाऱ्या अशा साधनास आयडीई म्हणतात. तीत परक्या ग्रंथालयातील नावावर जाऊन एफ-३ ही कळ दाबली, की त्याची व्याख्या समोर येते. एखाद्या ओळीवर थांबा नेमला, की आज्ञावली तेथे थबकते आणि त्या क्षणीच्या किमती दिसतात.

मात्र त्या ग्रंथालयाचे मूळ लेखन जोडलेले हवे, आणि तेही चालू असलेल्या आवृत्तीचेच. आवृत्ती निराळी असली, तर चालणारी ओळ व दिसणारी ओळ जुळत नाही आणि शोधक निर्दोष ओळीवर संशय घेत बसतो.

म्हणून प्रथम आपण दिलेल्या किमती तपासाव्यात, मग आवृत्ती जुळवावी, नंतरच परक्या लेखनात पाऊल टाकावे. पुष्कळदा दोष आपलाच निघतो. पण तसा निर्वाळा देण्यासही ते लेखन उघडून वाचता आले पाहिजे.